‘आपला माणूस’ : प्रीती की पक्षपात?

आमच्या भाषेत काही शब्द असे आहेत की ते कानी पडताच मन मऊ होते. ‘आपला माणूस’ हा त्यांपैकीच एक होय. परमुलखात अडचण पडली असता आपल्या गावचा मनुष्य भेटला तर धीर येतो. इस्पितळात आपल्या ओळखीचा कोणी असला तर रोग अर्धा हटल्यासारखा वाटतो. या शब्दात माया आहे, आणि माया ही देवाची देणगी आहे. परंतु याच शब्दाने आजवर जितकी दारे उघडली तितकी बंदही केली आहेत, हे आम्ही सहसा मनात आणीत नाही. जागा एक, मागणारे चार, आणि देणाऱ्याने ती ‘आपल्या माणसाला’ दिली, तर उरलेले तिघे आपोआप परके ठरतात. त्यांचा दोष कोणता? इतकाच की ते देणाऱ्याच्या घरातले, भावकीतले किंवा वस्तीतले नव्हते. तेव्हा असे देणे ही प्रीती की पक्षपात, हा प्रश्न या लेखात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा प्रश्न विद्वानांनी शहरात बसून सोडवावा असा नाही. खेड्यापाड्यांतील मंडळ्यांचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. कारण भेदभाव म्हणजे काय हे आम्हांस पुस्तकांतून शिकावे लागलेले नाही. आमच्या वाडवडिलांस पाणवठ्यावर घागर बुडविण्याची बंदी होती. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला व सार्वजनिक विहिरी, तळी आणि शाळा सर्वांस खुल्या कराव्या असे ठरले. तथापि कागदावरचा ठराव विहिरीच्या काठापर्यंत पोहोचेना. ता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. त्या ओंजळभर पाण्याचा वाद कोर्टकचेरीत दहा वर्षे चालला, आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने निकाल दिला तेव्हा कोठे तो मिटला. पुढे १९५० साली राज्यघटना अमलात आली. तिच्या १५ व्या, १६ व्या व १७ व्या कलमांनी जातपात, धर्म, लिंग यांवरून भेद करण्यास मनाई केली, सरकारी नोकरीत सर्वांस समान संधी सांगितली आणि अस्पृश्यता नष्ट केली. हे सर्व ज्यांनी श्रम करून मिळविले त्यांचे ऋण आम्हांवरही आहे. कारण उघड्या झालेल्या विहिरीचे पाणी ख्रिस्ती घरांतही आले.

आमचे एक गाऱ्हाणे अद्यापि शिल्लक आहे, तेही सांगितले पाहिजे. ता. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू समाजापुरत्या ठेविल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांस त्या लागू झाल्या, परंतु ख्रिस्ती मनुष्यास त्या आदेशात जागा मिळाली नाही. त्याविरुद्ध आमचे पुढारी सरकारदरबारी व न्यायालयात दाद मागत आले आहेत. धर्म बदलला म्हणून गावाची दृष्टी बदलत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु जो मनुष्य न्याय मागावयास उभा राहतो त्यास एक प्रश्न स्वतःलाही विचारावा लागतो : जो न्याय मी सरकारपाशी मागतो, तो माझ्या हाताखालच्यास मी देतो काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी भेदभाव चालतो कसा, हे नीट पाहू. त्यासाठी मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण घेऊ. कारण खेड्यांतून पोट भरण्यासाठी निघालेली हजारो माणसे त्या काळी तेथेच जात. गिरणीत विणकामाच्या खात्यात मजुरी चांगली मिळे. परंतु ते खाते अस्पृश्य मानलेल्या कामकऱ्यांस बहुधा बंद होते. त्यांस सूतकताईच्या खात्यांत कमी मजुरीची कामे मिळत. याचे कारण विचारले असता काय सांगत? धोट्यातील कांडी संपली की विणकऱ्याने नवी कांडी घालावी, आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे, अशी तेव्हाची रीत होती. एकाच्या ओठांस लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठांस लागावयाचा. ‘आम्ही त्यांच्या तोंडचा धागा तोंडात कसा घ्यावा?’ असे म्हणून इतर विणकरी त्यांस साच्याजवळ येऊ देत नसत. येणेप्रमाणे सुताच्या एका बोटभर टोकाने हजारो कुटुंबांची भाकर अडविली. १९२८ सालच्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. गिरणीमालकांच्या जुलुमाविरुद्ध लढणारे कामगार आपल्याच सोबत्यांवर जुलूम करीत आहेत, हे त्यांनी उघड करून दाखविले.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की हा द्वेषाचा परिणाम होय; आमच्या मनात तर कोणाचा द्वेष नाही. परंतु गिरणीच्या कथेचा दुसरा भाग ऐका. गिरणीत मजूर भरण्याचे काम साहेब स्वतः करीत नसे. ते जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे. मुकादम कोणास भरी? आपल्या गावच्यास, आपल्या जातीच्यास, आपल्या मेहुण्यास, मेहुण्याच्या भावास. त्यात काही वेळा दस्तुरीही घेतली जाई. १९३१ साली हिंदुस्थानातील मजुरांविषयीच्या शाही कमिशनने आपला अहवाल प्रसिद्ध केला, त्यात या पद्धतीचे दोष दाखविले आहेत. आता त्या मुकादमास कोणी विचारले असते की, ‘बाबा, तू अमक्या जातीचा द्वेष करतोस काय?’ तर तो शपथेवर म्हणाला असता, ‘छे! मी फक्त माझ्या माणसांची सोय पाहतो.’ आणि त्याचे बोलणे कदाचित खोटेही नसते. आम्हांस जे सांगावयाचे आहे ते हेच : दार बंद करण्यास द्वेषच लागतो असे नाही. आपल्यांविषयीच्या प्रीतीनेही ते बंद होते, आणि प्रीतीने बंद केलेल्या दाराविषयी मनुष्याचे मन त्यास टोचत नाही. म्हणून हे पाप अधिक सांभाळून ओळखले पाहिजे.

हे पाप पहिल्या मंडळीतही शिरले होते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात लिहिले आहे की, यरुशलेमेत रोजच्या वाटपात हेल्लेणी भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले, यास्तव त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. वाटणारे लोक दुष्ट होते असे शास्त्र म्हणत नाही. ते इब्री होते, व इब्री विधवा त्यांच्या ओळखीच्या होत्या. ज्यांची भाषा आपली, ज्यांचे दार रोजच्या वाटेवर, त्यांची टोपली आधी भरली गेली. येथे प्रेषितांनी काय केले हे लक्षपूर्वक पाहावे. ‘कुरकुर करू नका, धीर धरा,’ असे सांगून त्यांनी तक्रार दडपली नाही. त्यांनी सर्व मंडळीस बोलावले व सात जण निवडावयास सांगितले. स्तेफन, फिलिप यांपासून अंत्युखियाच्या निकलावापर्यंत त्या साताही जणांची नावे हेल्लेणी आहेत. म्हणजे ज्यांच्याकडे दुर्लक्ष झाले होते, त्यांच्यासारख्यांच्याच हाती मंडळीने सर्वांच्या कणगीची किल्ली दिली! हक्क मागणाऱ्यास भिक्षा घालणे निराळे व त्यास वाटणारा करणे निराळे. मंडळीने दुसरी गोष्ट केली, आणि त्यानंतर देवाचे वचन पसरत गेले असे त्याच अध्यायात लिहिले आहे.

आता आपल्या घरात दिवा लावून पाहू. समजा, मंडळीच्या शाळेत शिपायाची जागा रिकामी झाली. ही बातमी प्रथम कोणास कळते? पंचांस. पंचांच्या घरी रात्री भाकरी खाताना ती निघते, आणि सकाळी पंचांचा भाचा अर्ज घेऊन हजर होतो. वेशीपलीकडच्या वस्तीत राहणाऱ्या विधवेच्या मुलास ती जागा भरल्यावर कळते. कोणी खोटे बोलला नाही, कोणी लाच घेतली नाही. तरी अन्याय झाला. पुन्हा असे पाहा की, एकाच गावात पूर्वीच्या महारवाड्यातून व पूर्वीच्या मांगवाड्यातून आलेले ख्रिस्ती एकाच प्रार्थनामंदिरात बसतात. परंतु सोयरीक दूरच, पंचांच्या निवडणुकीतही जुनी वाडी आठवते, असे जेथे घडते तेथे बाप्तिस्म्याचे पाणी कपाळावरून खाली उतरलेच नाही असे म्हणावे लागेल. गावाने आमच्या वाडवडिलांस वेशीबाहेर ठेविले म्हणून आम्ही रडतो, आणि आम्हीच आपल्या अंगणात दुसरी वेस घालतो! याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घालून येणाऱ्यास चांगली जागा व फाटक्या वस्त्राच्या गरिबास पायांपाशी जागा देणाऱ्या मंडळीस दोष लावला आहे. आमच्या मंडळ्यांत सोन्याच्या अंगठ्या थोड्या; आमची अंगठी म्हणजे नाते होय.

यावर तीन आक्षेप येतात. ते पोकळ नाहीत, म्हणून त्यांचा विचार करणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप शास्त्राच्या आधाराने येतो. पौलाने तीमथ्यास लिहिले की, जो स्वकीयांची, विशेषेकरून आपल्या घरच्यांची, तरतूद करीत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट होय. तर मग भाच्यास जागा दिली यात चूक काय? याचे उत्तर असे की, तरतूद करावयाची ती स्वतःच्या शिदोरीतून. भाच्यास आपल्या शेतात कामाला लावावे, आपल्या पैशाने शिकवावे, आपल्या ताटातले द्यावे. त्यास कोण नाही म्हणेल? परंतु शाळेची जागा, इस्पितळाची चाकरी, मंडळीची वर्गणी ही पंचांची मालमत्ता नव्हे. ती त्यांच्याकडे सोपविलेली ठेव आहे. दुसऱ्याच्या ठेवीतून आपल्या घरच्यांस देणे यास दातृत्व म्हणत नाहीत. आणि विशेष हे की, ज्या ५ व्या अध्यायात पौलाने घरच्यांची तरतूद सांगितली, त्याच अध्यायात थोडे पुढे, २१ व्या वचनात, देवाला साक्षी ठेवून तीमथ्यास बजावले की पक्षपाताने काहीही करू नये. एक वचन धरावे व दुसरे सोडावे हा शास्त्राशी प्रामाणिकपणा नव्हे. मोशेला मुलगे होते; तथापि त्याच्यामागून लोकांचा पुढारी झाला तो नूनाचा पुत्र यहोशवा. शमुवेल मोठा भक्त होता; परंतु त्याने आपल्या मुलांस न्यायाधीश नेमिले, आणि त्यांनी लाच घेऊन न्याय विपरीत केला. भक्ताच्या हातूनही ही चूक होते, तर आम्ही किती सावध असावे!

दुसरा आक्षेप लायकीचा. ‘जागा देण्यास आम्ही तयार आहो, परंतु त्या लोकांत लायक कोणी नाही,’ असे म्हणतात. नालायकास जागा द्यावी असे आम्ही म्हणत नाही. रोग्याची शुश्रूषा न येणाऱ्यास इस्पितळात ठेवणे हा रोग्यावर अन्याय होईल. परंतु लायकी आभाळातून पडत नाही. ज्यास साच्याजवळ कधी उभे राहू दिले नाही, त्यास विणकाम येत नाही असे म्हणणे ही थट्टा होय. केडगावच्या मुक्तिसदनाकडे पाहा. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या व पुढे १९०० च्या दुष्काळातून शेकडो निराधार मुली व विधवा आणल्या. लोकांच्या दृष्टीने त्या अपशकुनी व निकामी होत्या. रमाबाईंनी त्यांस शिकविले. विणकाम, शेती, तेलघाणा यांबरोबर छापखान्यात खिळे जुळविण्याचे कामही शिकविले. रमाबाई १९२२ साली प्रभूजवळ गेल्या व त्यांनी केलेले शास्त्राचे मराठी भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे याच स्त्रियांच्या हातांनी जुळविलेले होते. लायकी शोधीत बसल्या असत्या तर रमाबाईंस ती कोठेच सापडली नसती. त्यांनी आधी संधी दिली, मग लायकी दिसली.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. ‘आम्ही थोडे, आम्ही गरीब, जगाने आम्हांस दूर लोटले. आम्हीच आमच्या माणसांस हात दिला नाही तर कोण देईल? शिवाय राखीव जागांचे आम्ही स्वागत करतो. मग तोही एका परीचा पक्षपातच नव्हे काय?’ या दोहोंतील भेद नीट समजून घ्यावा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ता. २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढून आपल्या राज्यातील नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेविल्या. महाराजांनी त्या जागा आपल्या सोयऱ्यांसाठी राखल्या नाहीत. हुकूम जाहीर होता, आणि त्याचे कारणही जाहीर होते. राखीव जागेचा नियम विचारतो, ‘आजवर दाराबाहेर कोण राहिला?’ ‘आपला माणूस’ ही चाल विचारते, ‘माझ्या जवळचा कोण?’ पहिला नियम दूरच्यास जवळ आणतो. दुसरी चाल जवळच्यास आणखी जवळ करते व दूरच्यास विसरते. याच महाराजांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे नावाच्या अस्पृश्य मानलेल्या गृहस्थास चहाचे दुकान काढावयास उत्तेजन दिले, आणि स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्या मंडळींसही प्यावे लागे. हात देणे म्हणजे हे! तेव्हा आमच्या माणसांस हात अवश्य द्यावा. त्यांस शिकवावे, अर्ज लिहून द्यावा, शहरात उतरावयास जागा द्यावी. परंतु तो हात आमच्यातील सर्वांत दूरच्यापर्यंत पोहोचावा. आणि जेथे निवड करावयाची तेथे डोळे नात्यावरून काढून कामावर ठेवावे.

उपदेशक बंधूंनी व पंचांनी या गोष्टी कशा अमलात आणाव्या, याविषयी काही सूचना करितो.

जागा रिकामी झाली म्हणजे ती रविवारी उपासनेच्या शेवटी सर्वांसमक्ष जाहीर करावी, आणि ज्या वस्तीतून लोक क्वचित येतात तेथे उपदेशकाने स्वतः जाऊन सांगावे. अर्जाची मुदत सर्वांस सारखी असावी. ज्या पंचाचा नातलग अर्जदार असेल त्याने त्या दिवशी बैठकीतून उठून बाहेर बसावे. यात त्याचा अपमान नाही, उलट त्याची अब्रू राहते.

मजुरीविषयी आम्हांपैकी शेतमालकांस विशेष सांगणे आहे. खुरपणीस वा कापणीस स्त्री व पुरुष एकाच पातीवर चालतात, परंतु संध्याकाळी स्त्रीच्या हातावर कमी पैसे ठेवले जातात, ही गोष्ट आमच्या शेतांतही घडते. समान कामास समान वेतन असावे असा कायदा १९७६ सालीच झाला. परंतु ख्रिस्ती शेतकऱ्यास कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, हे याकोबाने केव्हाच लिहून ठेविले आहे. कमी दिलेली मजुरी ही अडकवून ठेवलेली मजुरीच होय.

मंडळीच्या कामांची वाटणी तपासून पाहावी. मंदिर झाडतो कोण, आणि शास्त्र वाचतो कोण? सणाला भांडी कोण घासतो, आणि आमंत्रित पाहुण्यांस हार कोण घालतो? वर्षानुवर्षे तीच घरे झाडू धरीत असतील व तीच घरे माईकपुढे उभी राहत असतील, तर ही सेवेची वाटणी नसून प्रतिष्ठेची वाटणी आहे. झाडणे हलके काम नव्हे. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. पण म्हणूनच ते एकाच घराच्या माथी मारू नये.

शेवटी, जो तक्रार करतो त्यास एकटे टाकू नये. कामाच्या ठिकाणी कोणाचा जातीवरून अपमान झाला, कोणा भगिनीस त्रास झाला, कोणाची मजुरी कापली, तर ‘गावाशी वाकडे कशाला?’ असे म्हणून त्यास गप्प बसविणे सोपे आहे. यरुशलेमेतील प्रेषितांनी तसे केले नाही. उपदेशकाने त्याचे म्हणणे लिहून घ्यावे, दोन साक्षीदार पाहावे व त्याच्याबरोबर कचेरीपर्यंत जावे. आणि तक्रार मंडळीच्याच संस्थेविरुद्ध असेल तर अधिक तत्परतेने जावे. कारण न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून व्हावा हे योग्य आहे.

प्रभुभोजनाच्या वेळी आम्ही एका भाकरीचे वाटेकरी होतो. करिंथ येथील मंडळी त्या भोजनाला जमे, तेव्हा काही आधीच जेवून तृप्त होत व गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांस स्पष्ट सांगितले की, हे प्रभूचे भोजनच नव्हे. गिरणीतील विणकऱ्यांनी सोबत्याच्या ओठांचा धागा नाकारला. आम्ही प्रभूच्या मेजावर तसे करीत नाही, याबद्दल देवाचे आभार मानावे. परंतु रविवारी ज्याच्याबरोबर एका भाकरीचा तुकडा घेतला, त्याच्या मुलास सोमवारी रिकाम्या जागेची बातमी आम्ही सांगितली नाही, तर त्या मेजावर आम्ही काय घेतले? आमचा प्रभू आम्हांस कोणी नात्याने जवळचा म्हणून घेऊन आला नाही. आम्ही दूर होतो, तेव्हा त्याने आम्हांस आपले म्हटले. त्याने जसे आम्हांस, तसेच आम्ही दूरच्यास आपला माणूस म्हणावे, अशी बुद्धी व तसे करण्याचे धैर्य देव आमच्या सर्व मंडळ्यांस देवो.